‘हाफ-लाइफ’चा डेमो आणि आरंभप्रसंग : एका संगणकीय खेळाच्या घडणीची साधनचिकित्सा

बीजसंज्ञा : संगणकीय खेळ, डेमो, आरंभप्रसंग, खेळचाचणी, साधनचिकित्सा

प्रास्ताविक

नाटक, चित्रपट, वृत्तपत्र, जाहिरात ही साधने इतिहासाच्या अभ्यासकाला आता परकी राहिलेली नाहीत. संगणकीय खेळ मात्र अद्याप आपल्या अभ्यासवर्तुळाच्या उंबरठ्याबाहेरच उभा आहे. ती पोरासोरांच्या करमणुकीची वस्तू, तिला कसला आला इतिहास, असा एक समज आपल्या प्राध्यापकवर्गात आढळतो. वस्तुतः अशा खेळाच्या निर्मितीत माणसे, पैसा, यंत्राच्या मर्यादा आणि कलाविषयक वाद हे सारे एकवटलेले असते. त्याची कागदपत्रे मात्र फार लवकर नष्ट होतात.

प्रस्तुत लेखात ‘हाफ-लाइफ’ या अमेरिकी खेळाचा विचार केला आहे. नोव्हेंबर १९९८ मध्ये तो बाजारात आला. खेळणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहावयाचा बंदूकयुद्धाचा खेळ हा त्याचा वर्ग होय. पूर्ण खेळाची वानगी म्हणून जो तुकडा दाखविला किंवा वाटला जातो त्याला ‘डेमो’ म्हणतात. तर खेळ सुरू होताच जे घडते तो आरंभप्रसंग. दोन्ही प्रारंभच, परंतु त्यांची कामे भिन्न. ‘हाफ-लाइफ’च्या बाबतीत या दोहोंमधील अंतर फार बोलके आहे.

कौतुक झालेला डेमो

वॉशिंग्टन राज्यातील किर्कलंड येथे १९९६ मध्ये गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन यांनी ‘व्हॉल्व्ह’ ही कंपनी स्थापन केली. दोघेही मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेले. त्यांनी आयडी सॉफ्टवेअरकडून ‘क्वेक’ या खेळाचे ‘इंजिन’, म्हणजे दृश्य, ध्वनी आणि हालचाल सांभाळणारी मूळ आज्ञावली, परवान्याने घेतली आणि तिच्यात मोठे फेरफार केले. खेळाचे प्रारंभीचे नाव ‘क्विव्हर’ असे होते. स्टीफन किंग यांच्या ‘द मिस्ट’ या कथेचा प्रभाव त्या नावामागे होता. १९९७ च्या अखेरीस खेळ बाजारात आणावयाचा, असा बेत होता.

जून १९९७ मध्ये अटलांटा येथे भरलेल्या ‘ई-थ्री’ या व्यापारी प्रदर्शनात या खेळाचा डेमो दाखविण्यात आला. पात्रांच्या हालचाली आणि शत्रूंची चलाखी पाहून जाणकारांनी त्याची वाखाणणी केली. येथपर्यंतची हकीकत कोणत्याही यशोगाथेत शोभावी अशीच आहे. पुढचा भाग मात्र तसा नाही. सप्टेंबर १९९७ मध्ये, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांनी, खेळ घडविणाऱ्या मंडळींनीच निर्णय दिला की आपला खेळ मुळी रंजकच नाही. काम पुष्कळ झाले होते. सुटे भाग चांगले होते. पण ते एकत्र बांधले जात नव्हते.

ही माहिती मुख्यतः केन बर्डवेल यांच्या लेखातून मिळते. ते या चमूतील एक अभियंता; ‘गेम डेव्हलपर’ या व्यावसायिक मासिकाच्या डिसेंबर १९९९ च्या अंकात त्यांनी घडणीची हकीकत लिहिली. येथे अभ्यासकाने थोडे सावध होणे आवश्यक आहे. हा लेख यश पदरी पडल्यानंतर, विजयी पक्षाच्या माणसाने लिहिलेला आहे. बखर आणि अस्सल कागद यांतील भेद राजवाड्यांनी आपल्याला शिकविला. त्या दृष्टीने बर्डवेल यांचा लेख प्रामाणिक असला तरी बखरीच्याच जातीचा ठरतो. अस्सल कागदाच्या जवळ जाणारे साधन म्हणजे खेळाची त्या काळातील अपुरी आवृत्ती. सप्टेंबर १९९७ मधील अशी एक आवृत्ती २०१३ मध्ये लोकांसमोर आली. तिच्यात सलग खेळाऐवजी निव्वळ तंत्राचे दर्शन घडविणारे तुकडेही आढळतात. प्रदर्शनात टाळ्या मिळविणारा माल आणि दहा-बारा तास माणसाला धरून ठेवणारा खेळ यांतील तफावत बर्डवेल सांगतात. ती या अपुऱ्या आवृत्तीत प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

झालेले काम मोडून पुन्हा बांधावयाचे ठरले. वर्षअखेरीचा विक्रीचा हंगाम हातचा गेला. मायक्रोसॉफ्टमधील मिळकतीमुळे संस्थापकांना हा विलंब सोसणे शक्य झाले, ही गोष्ट यशोगाथा सांगणारे सहसा दुय्यम मानतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ती दुय्यम नाही. कलात्मक धैर्यामागे गाठीचा पैसा होता, हे नोंदविल्याने त्या धैर्याचे मोल कमी होत नाही. फक्त ते सर्वांना परवडणारे नव्हते, एवढेच स्पष्ट होते.

गप्प बसण्याची शिस्त

पुनर्बांधणीचा पहिला टप्पा प्रयोगाचा होता. जे जे चालत्या स्थितीत होते, प्रत्येक गंमत, प्रत्येक युक्ती, ते सारे एका लहान गटाने महिनाभरात एकाच ‘लेव्हल’मध्ये कोंबले. तो तुकडा सर्वांना आवडला. तो का आवडला याचा शोध घेताना तीन सूत्रे हाती आली. एक, अनुभवाची घनता : किती जागेत आणि किती वेळात किती काही घडते, आणि ते घड्याळाच्या नव्हे तर खेळणाऱ्याच्या चालीने घडते की नाही. दुसरे, खेळणाऱ्याच्या प्रत्येक कृतीची त्या जगाने दखल घेतली पाहिजे. तिसरे, तो हरला तर दोष खेळाला न देता स्वतःला देईल, अशी रचना हवी.

सारा खेळ एकट्याच्या डोक्यातून उतरवील असा रचनाकार त्यांनी पुष्कळ शोधला. तो सापडला नाही. तेव्हा तीन अभियंते, एक लेव्हल-रचनाकार, एक लेखक आणि एक ॲनिमेटर असा गट स्थापन झाला. त्याला ‘कबाल’ हे नाव पडले. हा गट आठवड्यातून चार दिवस, रोज सहा तास, सलग पाच महिने बसत असे. त्यातून दोनशेहून अधिक पृष्ठांचा आराखडा तयार झाला. विज्ञानकथाकार मार्क लेडलॉ हे १९९७ मध्येच लेखक म्हणून कंपनीत आले होते.

परंतु खरी कसोटी होती ती खेळचाचणीची. प्रकाशक असलेल्या सिएरा कंपनीकडे पूर्वीच्या खेळांची नोंदणी-कार्डे पाठविणाऱ्या आसपासच्या लोकांतून एकेकाला बोलावीत आणि दोन तास खेळावयास बसवीत. त्याच्या पाठीमागे त्या भागाचे रचनाकार वही घेऊन बसत. नियम एकच : तोंडातून शब्द काढावयाचा नाही. रचनाकाराला जे उत्तर उघड वाटत होते ते न सापडल्याने पाहुणा वीस-वीस मिनिटे भिंतींना धडकत राही, आणि निर्मात्याला ते मुकाट्याने पाहावे लागे. यासारखी नम्र करणारी दुसरी गोष्ट नाही, अशा अर्थाचे बर्डवेल यांचे विधान आहे. एका बैठकीतून सुमारे शंभर दुरुस्त्या निघत. अशा दोनशेहून अधिक बैठका झाल्या.

आपल्याकडील रंगीत तालमीशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती पुरती जुळत नाही. तालमीत दिग्दर्शक मध्येच थांबवतो, सांगतो, रागावतो. प्रदर्शनातील डेमोतही निर्माता बोलतो आणि पाहणारा ऐकतो. खेळचाचणीत मात्र हे नाते नेमके उलटे झाले. जून १९९७ च्या डेमोतून जे कळू शकले नाही ते या मौनातून कळले, असे म्हणावयास पुरेसा आधार आहे.

गाडीतील पाच मिनिटे

आता आरंभप्रसंगाकडे वळू. त्या काळी अनेक खेळ आधी चित्रित करून ठेवलेल्या चित्रफितीने सुरू होत. १९९७ चा ‘फायनल फँटसी ७’ हे त्याचे ठळक उदाहरण. चित्रफीत चालू असता खेळणारा प्रेक्षक बनतो. ‘हाफ-लाइफ’ने ही वाट सोडली. गॉर्डन फ्रीमन हा भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅक मेसा या भूमिगत संशोधनकेंद्रात कामावर निघाला आहे. अधांतरी रुळावरून सरकणाऱ्या छोट्या गाडीत तो उभा आहे. वेळ सकाळी आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटे. ध्वनिक्षेपकावरून स्वागत, तापमान, सूचना ऐकू येतात. खेळणारा गाडीत इकडेतिकडे फिरू शकतो, हव्या त्या खिडकीतून पाहू शकतो. उतरू मात्र शकत नाही. बाहेर यंत्रे काम करीत आहेत, एक पहारेकरी बंद दारावर थापा मारतो आहे, दुसऱ्या गाडीतून सूटबूट घातलेला एक गूढ इसम जातो. जवळजवळ पाच मिनिटे एकही गोळी झडत नाही.

वर सांगितलेल्या पहिल्या सूत्राशी हा प्रसंग उघड विसंगत आहे. येथे सारे गाडीच्या, म्हणजे घड्याळाच्याच, गतीने घडते. खेळणाऱ्याची चाल गौण. तरीही दोनशे चाचण्यांच्या चाळणीतून तो टिकला. याचे कारण, आमच्या मते, तिसऱ्याच ठिकाणी आहे. पुढे प्रयोग फसतो आणि हेच केंद्र उद्ध्वस्त होते. धडधाकट घर पाहिलेलेच नसेल तर पडक्या घराचे दुःख कसे व्हावे? शिवाय नियंत्रण हातात राहिल्याने हा प्रवास ‘पाहिलेला’ न राहता ‘केलेला’ ठरतो.

यंत्राच्या मर्यादेचाही विचार येथे केला पाहिजे. २४ एमबी मेमरीच्या संगणकावरही हा खेळ चालणे आवश्यक होते. त्यामुळे हा एवढासा प्रवास सहा वेगवेगळ्या नकाशांत तोडलेला आहे. एक नकाशा संपला की क्षणभर सारे थबकते, पुढील नकाशा चढविला जात असल्याची सूचना झळकते आणि गाडी पुन्हा सरकू लागते. रुळावरील वाहन निवडल्याने खेळणारा केव्हा, कोठून आणि कोणत्या दिशेने सांधा ओलांडणार हे रचनाकाराला आधीच ठाऊक राहते. कलेची गरज आणि यंत्राची गरज येथे एकाच गाडीत बसलेल्या दिसतात.

याच प्रवासात निर्मात्यांची नावे पडद्यावर एकेक करून उमटतात. संगीत नाटकाच्या आरंभी सूत्रधार नाटककाराचे नाव सांगतो. येथे नावे आडनावांच्या वर्णानुक्रमे येतात आणि कोणासमोरही पदनाम नाही. संस्थापक न्यूएल यांचे नाव त्यांच्या अक्षराची पाळी आल्यावरच येते. एक कर्ता न सापडल्याने गट नेमावा लागला, ही हकीकत लेखात वाचण्यापूर्वीच खेळणाऱ्याच्या डोळ्यांखालून गेलेली असते.

दोन डेमो

मे १९९८ मध्ये अटलांटा येथेच झालेल्या ‘ई-थ्री’मध्ये नवी आवृत्ती दाखविली गेली आणि समीक्षकांच्या पुरस्कारांत ती सर्वोत्तम पीसी खेळ ठरली. त्याच वर्षी ‘डे वन’ हा डेमो तयार झाला. तो विशिष्ट ग्राफिक्स कार्डांसोबत देण्यासाठी होता. त्यात खेळाचा सुरुवातीचा सुमारे पाचवा भाग, अर्थात गाडीच्या प्रवासासह, समाविष्ट होता.

सर्वांसाठी खुला असा डेमो आला तो मूळ खेळानंतर, १२ फेब्रुवारी १९९९ रोजी. त्याचे नाव ‘अपलिंक’. यात गाडी नाही, सकाळ नाही, स्वागत नाही. मूळ खेळातून वगळलेल्या भागांवर तो उभारलेला असून खेळणारा थेट संकटाच्या मध्यात येऊन पडतो. ज्याने पैसे मोजले आहेत तो पाच मिनिटे धीर धरील. फुकट घेणारा धरीलच असे नाही. निर्मात्यांनी हा हिशेब कोठे लिहून ठेवलेला नाही, परंतु दोन प्रारंभांची रचना पाहता तो अनुमानाने काढता येतो. टाकलेल्या सामग्रीतून डेमो घडला, ही बाब अभ्यासकासाठी अधिक मोलाची : रद्द झालेले काम अन्यथा आपल्या दृष्टीस पडलेच नसते.

जाता जाता एक निरीक्षण. याच खेळाच्या पायावर १९९९ पासून ‘काउंटर-स्ट्राइक’ उभा राहिला, आणि पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत तो खेळणाऱ्या आमच्या पिढीतील कित्येकांनी ती गाडी कधी पाहिलीच नाही. आम्ही मजल्यावर राहिलो, उंबरठा ओलांडलाच नाही.

बंद दारावर थापा मारणारा तो पहारेकरी पुढे परत येतो. गिअरबॉक्स या कंपनीने तयार केलेल्या, २००१ च्या ‘ब्लू शिफ्ट’ या जोडखेळात खेळणारा त्याच्याच भूमिकेत असतो. दार उघडण्याची वाट पाहत उभा असताना त्याच्यासमोरून एक गाडी सरकत जाते आणि तिच्यात फ्रीमन उभा दिसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये, मूळ खेळाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, व्हॉल्व्हने काढलेल्या सुधारित आवृत्तीत ‘अपलिंक’ही समाविष्ट करण्यात आला. एकेकाळी वगळलेल्या भागांतून घडलेला तो तुकडा आता मूळ खेळाच्या यादीतच निवडता येतो.