‘रोश’ : एका शब्दाचा अर्थ आणि भविष्यवाणीचा अन्वयार्थ

यहेज्केल हा इ. स. पू. ५९७ मध्ये बाबिलोनियात निर्वासित झालेला हिब्रू संदेष्टा होय. त्याच्या ग्रंथाच्या ३८ व ३९ या अध्यायांत मागोग देशाचा गोग उत्तरेकडून इस्राएलावर चालून येईल, असे भाकीत आहे. गोगाच्या ‘नेसी रोश मेशेख वे-तुबाल’ या बिरुदातील ‘रोश’ शब्दाभोवती दोन सहस्र वर्षांचा वाद गुंतला आहे.

हिब्रूत ‘रोश’ म्हणजे मस्तक. मुखावरून ‘मुख्य’ व्हावा, तसाच या शब्दाला ‘प्रमुख’ हा अर्थ प्राप्त झाला. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी तो विशेषनाम मानला. जेरोमने लॅटिनमध्ये मस्तकवाचक अर्थच स्वीकारला. १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘मुख्य अधिपती’ आहे, तर १८८५ च्या सुधारित आवृत्तीत ‘रोशचा अधिपती’. व्याकरणदृष्ट्या दोन्ही अर्थ संभवतात.

परंतु विशेषनाम मानले तरी ते रशियाचे ठरत नाही. जर्मन हिब्रूतज्ज्ञ गेझेनियस (१७८६–१८४२) याने हा संबंध सुचविला. १९०९ च्या स्कोफील्ड बायबलाच्या टीपांनी मेशेख-तुबालची सांगड मॉस्को-टोबोल्स्कशी घातली. पुढे शीतयुद्धाच्या काळात हे मत फार प्रसृत झाले. आधार केवळ ध्वनिसाम्याचा. ‘रोस’ हे लोकनाम लॅटिन बखरीत इ. स. ८३९ च्या नोंदीत येते. मॉस्कोचा पहिला उल्लेख ११४७ चा, आणि टोबोल्स्कची स्थापना १५८७ ची.

उलट, असीरियन लेखांतील मुश्की व तबाल हे आनातोलियातील लोक व प्रदेश होत. याच ग्रंथाच्या २७ व्या अध्यायात मेशेख व तुबाल सोर नगराशी गुलामांचा व तांब्याच्या भांड्यांचा व्यापार करताना दिसतात. अर्थात संदेष्ट्याच्या श्रोत्यांना ही नावे परिचित होती.

चौथ्या शतकात अँब्रोझला गोगामध्ये गॉथ दिसले. विसाव्या शतकातील अनेकांना सोव्हिएत संघ दिसला. १९९१ मध्ये तो संघ विसर्जित झाला, तरी अन्वयार्थ मागे घेतला गेला नाही. प्रत्येक पिढीने आपला शत्रू जुन्या पोथीत शोधला. त्या भाकितावर श्रद्धा ठेवावी की न ठेवावी, हे भाषाशास्त्र सांगत नाही. मात्र एका शब्दाच्या उच्चारसाम्यावरून एखाद्या जनसमूहास दैवनियोजित वैरी ठरविण्यास त्यात आधार नाही, एवढे ते निश्चित सांगते.