मुंबईहून नाशिकला राहायला गेलात, तर खरंच किती पैसे वाचतात?

ऑफिसने कायमचं घरून काम करायची परवानगी दिली, की पहिला विचार येतो तो घरभाड्याचा. मुंबईत वन बीएचकेसाठी जे मोजतोय, तेवढ्यात नाशिकला टू बीएचके घेऊन वर पैसे उरतील, असं सांगणारा एक तरी मित्र असतोच. भाड्यापुरतं ते बरंचसं खरं आहे. पण वाचलेलं भाडं महिनाअखेरीस खात्यात दिसतं का?

शहर बदललं की नेमकं काय बदलतं?

याचं एक उत्तर सरकारच्या पगारपत्रकातच आहे. केंद्र सरकार घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन गट करतं. ५० लाखांवर लोकसंख्येची शहरं एक्स गटात, ५ ते ५० लाखांची वाय गटात, बाकी सगळी झेड गटात. मुंबई आणि पुणे एक्स, नाशिक वाय. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर हे दर मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. म्हणजे ५०,००० मूळ वेतनाच्या कर्मचाऱ्याची मुंबईहून नाशिकला बदली झाली, तर घरभाडे भत्ता १५,००० वरून १०,००० वर येतो. महागाई भत्त्याची टक्केवारी मात्र दोन्हीकडे तीच.

तुमच्या खर्चाचंही थोडंफार असंच आहे. घरभाडं, डबा, घरकामाच्या ताईंचा पगार, सलून हे सगळं त्या शहरातल्या जागेच्या आणि मजुरीच्या दरावर चालतं, म्हणून ते उतरतं. पण मोबाइलचा रिचार्ज, विम्याचा हप्ता, एसआयपी, शैक्षणिक कर्जाचा ईएमआय, एमआरपी छापलेला साबण यांना तुम्ही कुठे राहता याच्याशी देणंघेणं नाही. गॅस सिलिंडर तर नाशिकला मुंबईपेक्षा किंचित महागच पडतो. आणि पुण्याहून नाशिकला जाणार असाल, तर विजेचा दर तोच राहील, कारण दोन्हीकडे महावितरण आहे आणि तिचे दर राज्यभर एकच असतात.

वाढतं काय?

प्रवास! मुंबईत घर महाग, पण फिरणं स्वस्त. लोकलचं सेकंड क्लासचं किमान तिकीट ५ रुपये आहे, आणि मासिक पास तर त्याहून परवडतो. लहान शहरात हे जाळं नसतं, त्यामुळे दुचाकी घ्यावीच लागते. शिवाय ऑफिसची मीटिंग, मित्राचं लग्न, नेहमीचे डॉक्टर, अशा कारणांनी मुंबईच्या फेऱ्या होत राहतात.

आता हिशोब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तिथे स्वतःचे टाका. समजा, हातात ६५,००० येतात. मुंबईत भाडं २४,०००, कुठेही न बदलणारे खर्च १६,०००, खाणंपिणं आणि घरकाम १२,०००, प्रवास १,५००. एकूण ५३,५००, उरले ११,५००.

नाशिकला भाडं ११,०००, न बदलणारे तेच १६,०००, खाणंपिणं आणि घरकाम १०,०००, स्कूटरचा हप्ता आणि पेट्रोल ५,०००, मुंबईच्या फेऱ्या ४,०००, वाय-फाय आणि इन्व्हर्टर १,५००. एकूण ४७,५००.

भाड्यात १३,००० वाचले, पण खर्च कमी झाला ६,००० नेच. सामान हलवणं, ब्रोकरेज, करारनोंदणी यात एकदाच ४०,००० गेले, तर ते भरून निघायला जवळपास सात महिने लागतील. आणि 'तिकडे खर्च कमी आहे' म्हणून कंपनीने पगार फक्त १० टक्क्यांनी कमी केला, तर ६,५०० जातात. मग नाशिकला महिन्याला ११,००० च उरतात, मुंबईपेक्षा ५०० कमी. पगारकपातीला हो म्हणण्याआधी हीच वजाबाकी करायची असते.

जुनी कररचना निवडली असेल, तर आणखी एक मेख आहे. घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीची मर्यादा मुंबईतल्या घरासाठी मूळ वेतनाच्या ५० टक्के, नाशिकच्या घरासाठी ४० टक्के. ऑफिस मुंबईत असलं तरी भाड्याचं घर कुठे आहे तेच बघितलं जातं. त्यात भाडं कमी झालं की सवलतही कमी होऊ शकते. नव्या कररचनेत ही सवलतच नाही, त्यामुळे हा फरक पडत नाही.

ऑनलाइन तुलना कितपत धरायची?

नंबिओसारख्या साइटवर दोन शहरांची नावं टाकली की लगेच टक्केवारी येते. पण ते आकडे प्रामुख्याने वापरकर्त्यांनी भरलेले असतात. मुंबईसाठी ते भरणारे पुष्कळ, लहान शहरांसाठी मोजके. त्यात तुमचा ईएमआय नसतो आणि मुंबईच्या फेऱ्याही नसतात. महागाईच्या सरकारी निर्देशांकाचाही इथे उपयोग नाही. भाव काळानुसार किती वाढले, हे तो सांगतो. कुठलं शहर स्वस्त, हे त्याच्यावरून कळत नाही.

सगळ्यात मोठा धोका मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाही. कंपनीने सहा महिन्यांनी पुन्हा ऑफिसला बोलावलं तर? म्हणून घरून काम करण्याची परवानगी मेलवर, मुदतीसह मागून घ्या. आणि नाशिकला भाडेकरार करताना ११ महिन्यांच्या मुदतीपेक्षा लॉक-इनच्या कलमाकडे आधी बघा. तो कालावधी दोन-तीन महिन्यांवर आणता आला, तर परतीचा खर्च बराच आटोक्यात राहतो.