निजामशाहीचा रंग कोणता?

संगणकावरील एका युद्धखेळात दख्खनच्या शाह्या आणण्याचा घाट आमच्या काही विद्यार्थ्यांनी घातला आणि ते सल्ला विचारायला आले. खेळात प्रत्येक राजवटीला एक रंग, एक राजधानी व एक वंश लागतो. अडली ती आपल्या नगरची निजामशाही.

चांदबिबीला कोणत्या रकान्यात बसवायचे? हुसेन निजामशहाची ती लेक, अली आदिलशहाची बेगम. सोलापूरचा किल्ला आंदण गेला तो याच लग्नात. १५९५-९६च्या मोगली वेढ्यात तिने माहेरचा किल्ला राखला, तहात वऱ्हाड मात्र गमवावे लागले. १६०० मध्ये ती मारली गेली, तीही स्वकीयांच्याच हातून.

खेळात राजधानी पडली की राज्य संपते. येथे त्याच वर्षी नगरचा किल्ला पडला, तरी एकेकाळचा हबशी गुलाम मलिक अंबर याने १६२६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, राज्य तगविले. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला त्याने मोगल व आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. शहाजीराजे तेव्हा त्याच्या बाजूने लढले आणि पुढच्याच वर्षी आदिलशाहीत गेले.

विद्यार्थ्यांनी प्रत्येक सरदाराच्या 'निष्ठे'चा आकडा कायमचा ठरवून टाकला होता. तो दर वर्षी बदलू द्या, एवढेच आम्ही सुचविले.