शिकण्याचे ऋण

बारावीचा निकाल लागला की घराघरांत दोन हिशेब सुरू होतात. एक गुणांचा, दुसरा पैशांचा. फीचे आकडे समोर आले की वडील बँकेची पायरी चढतात आणि मूल कमावते होण्याआधीच कर्जदार होते. शिक्षणासाठी कर्ज काढणे ही आजकालची गोष्ट आहे, असे आपण धरून चालतो. पण आपल्याकडे ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

जुना सावकार लग्नाला, बैलजोडीला कर्ज देई. त्याच्यापुढे शेत होते, दागिना होता. शिकायला निघालेल्या मुलापाशी काय होते? डोक्यातली विद्या काही गहाण ठेवता येत नाही. म्हणूनच जमशेटजी टाटांनी १८९२ साली केलेली गोष्ट वेगळी ठरली. परदेशी उच्च शिक्षणासाठी त्यांनी निधी स्थापन केला आणि मदत दिली ती देणगी म्हणून नव्हे, कर्ज म्हणून. शिकून यायचे, कमवायचे आणि फेडायचे. फेडीचा पैसा पुन्हा नव्या विद्यार्थ्याच्या कामी यायचा. घेणाऱ्याला मिंधेपणा नाही आणि निधीही आटत नाही. या निधीच्या सुरुवातीच्या मानकऱ्यांत फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्री-डॉक्टर होत्या. त्यांपैकी कृष्णाबाईंनी पुढे कोल्हापुरात रुग्णसेवा केली.

दुसरी रीत संस्थानिकांची. तीत पैसा परत मागायचा नाही, सेवा मागायची. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली एका तरुणाला अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड. करार असा, की परत आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करायची. हा तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे वडील वारले होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९१५ मध्ये ते एम. ए. झाले, पुढे लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली परतले आणि करार पाळायला बडोद्यात हजर झाले.

पुढे काय झाले ते बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. राहायला जागा मिळेना. शेवटी नाव बदलून एका पारशी खानावळीत आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि जागा सोडावी लागली. कचेरीत शिपाई कागदपत्रे दुरून फेकत. कोलंबियाचा पदवीधर, संस्थानचा अधिकारी, आणि त्याला त्या शहरात पाठ टेकायला जागा नव्हती! करारातली दहा वर्षे पुरी झाली नाहीत. नोकरी सोडून ते मुंबईला परतले.

इथे थोडे थांबून विचार करायला हवा. ऋण फेडायला ऋणको तयार होता. महाराजांची इच्छाही खरी होती. मग फेड अडली कुठे? ती समाजाने अडवली. ज्या माणसाच्या शिक्षणावर संस्थानने पैसा खर्च केला, त्याच्या विद्येचा उपयोगच त्या शहराने होऊ दिला नाही. बाबासाहेबांनी मात्र शिक्षण सोडले नाही. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. अर्धा राहिलेला अभ्यास तिथे पुरा केला. एका पारशी खानावळीने बाहेर काढले, एका पारशी मित्राने हात दिला. इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकार यात उतरले. १९६३ साली केंद्राने बिनव्याजी कर्ज शिष्यवृत्ती सुरू केली. हेतू चांगला होता, पण वसुलीने मात्र सरकारला घाम फोडला. पुढे २००१ साली बँकांनी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आणली. चार लाखांपर्यंत तारण नको, असे तिच्यात ठरले. शिक्षण संपल्यावर काही काळ थांबून हप्ते सुरू व्हायचे. २००९ पासून कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना शिक्षणाच्या काळातल्या व्याजात सरकारी सवलत मिळू लागली.

योजना बदलल्या, तारणाचे आकडे बदलले. पण एक अट कुठल्याच कागदावर लिहिलेली नसते. शिकलेल्या मुलाला त्याच्या शिक्षणाजोगे काम मिळाले पाहिजे आणि ते करायला त्याला जागा मिळाली पाहिजे. ते मिळाले तर हप्ता आपोआप फिटतो. ते नाही मिळाले, तर पाळत राहते ती जामीन राहिलेल्या बापाच्या झोपेवर.

थकलेल्या कर्जदाराला आपण बेजबाबदार म्हणून मोकळे होतो. काही जण तसे असतातही. पण १९१७ सालचे बडोदे आठवावे. शिक्षणाच्या कर्जावर सही विद्यार्थ्याची आणि त्याच्या पालकांची असते. ते फिटायचे, तर त्याच्या विद्येला जागा करून देण्याचे देणे आपल्या सर्वांकडे राहते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)