आगीसाठी मिटणारे, माणसासाठी उघडणारे दार

1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि नागपूर हे गिरणीचे गाव झाले. वऱ्हाडचा कापूस आणि आगगाडी यांच्या बळावर हा धंदा उभा राहिला, हे आपण नेहमी ऐकतो. परंतु कापूस म्हणजे जळणच, हे मात्र क्वचितच बोलले जाते. गाठीतला एखादा खिळा पिंजणाऱ्या यंत्राच्या लोखंडावर आपटला की ठिणगी उडते, आणि हवेत तरंगणाऱ्या तंतूंवरून आग पाहता पाहता साऱ्या खात्यात पसरते. आग लागताच आपोआप पाणी फवारणारे नळ हिंदुस्थानात बसविणाऱ्या पहिल्या गिरण्यांत एम्प्रेस मिल होती, ती याच भयामुळे.

आगीला अडविणारे दार हीही जुन्या कापडगिरण्यांच्याच काळातील युक्ती. नुसते लोखंडी दार तापले की वाकते आणि फट पडते. म्हणून लाकडी फळ्यांवर पत्रा मढवीत. आतल्या लाकडाला हवा मिळत नाही, ते सावकाश कोळसत जाते. हे दार उतरत्या रुळावर टांगीत आणि वजन लावून उघडे धरीत. वजनाच्या साखळीत लवकर वितळणाऱ्या धातूची एक कडी असे. सुमारे 70 अंश उष्णतेला ती वितळली की दार आपल्याच भाराने घरंगळत येऊन मिटे. या दारांचा आग्रह मुख्यतः विमा कंपन्यांनी धरला. त्यांना काळजी होती ती मालाची आणि यंत्रांची.

मग माणसाचे काय? 25 मार्च 1911 रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात 146 कामगार मेले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते. मुली माल चोरतील, हा मालकांचा संशय! आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्याने 38 व्या कलमात लिहिले की, आत माणूस असेतो बाहेर जाण्याचे दार आतून सहज उघडता येणार नाही असे बंद करू नये, आणि सरकते नसेल तर ते बाहेरच्या बाजूस उघडावे. म्हणजे दाराची कर्तव्ये दोन ठरली: आगीसाठी मिटणे आणि माणसासाठी उघडणे.

आज गिरणी गेली, पण दाराचा प्रश्न दवाखान्यांत आणि उंच इमारतींत येऊन बसला आहे. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली. त्या घटनेचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण धूर ज्वाळेच्या आधी पोचतो, आणि जो स्वतः चालू शकत नाही त्याला त्या धुरापासून काही मिनिटे राखणे हेच दाराचे काम, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्राच्या 2006 च्या कायद्याने अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारी व जुलैत देण्याचे बंधन मालकावर वा वहिवाटदारावर घातले आहे. चांगले झाले. पण दाखला दोन दिवसांचा आणि दार तीनशे पासष्ट दिवसांचे! आम्ही कामगारवस्तीत आणि कारखान्यांत हिंडणारी माणसे. दाराखाली पाचर ठोकलेली, कडी दोरीने बांधलेली, समोर खोकी रचलेली आम्ही कितीदा पाहिली आहे. यात कामगाराचा आळस नसतो. ढकलगाडी नेताना जड दार दर खेपेस अंगावर येते, म्हणून तो पाचर मारतो. त्याला दंड करून भागणार नाही. धुराची सूचना मिळताच आपोआप सुटणारा चुंबकी आकडा तिथे बसविला पाहिजे.

तपासणीस पदवी लागत नाही. दार पुरते उघडून सोडून द्यावे. ते स्वतः मिटून खटका बसला पाहिजे. बिजागऱ्यांचे स्क्रू घट्ट असावेत, चौकटीशी फट वाढलेली नसावी, आणि उष्णतेने फुगून फट बुजविणारी पट्टी रंगाखाली गडप झालेली नसावी. गिरणीत तेलवाला साच्याला तेल देई, कारण साचा थांबला की मालकाचे नुकसान दिसे. दार बिघडले तर काहीच थांबत नाही, म्हणून त्याला कोणी वाली नसतो. तो वाली तिथे राबणाऱ्यांतूनच नेमावा, त्याची नोंद वहीत व्हावी, आणि त्याने दाखविलेली खोट दुरुस्त करण्याचा खर्च मालकाने करावा, ही आमची मागणी आहे.