भरतीच्या मैलाआधी

स्मरणिकेसाठी लिही, असे संपादक मंडळातल्या मित्रांनी सांगितले तेव्हा त्यांना माझ्याकडून पलटणीतल्या आठवणी हव्या होत्या. त्या संमेलनात जेवताना सांगेनच. इथे मात्र त्याच्याही आधीचे लिहायचे आहे. आपल्या खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या पोरे फौजेत गेली. बेळगावच्या सेंटरवर पाय ठेवण्याआधी त्यांची शरीरे कुठे तयार झाली, हा आपल्याच भागाचा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या शाळेच्या मैदानाचाही वाटा आहे.

मराठा लाइट इन्फंट्रीची सर्वांत जुनी पलटण, म्हणजे जंगी पलटण, १७६८ साली उभी राहिली. रेजिमेंटचे केंद्र १९२२ पासून बेळगावला आहे. पहिल्या महायुद्धात आपल्या सातारा जिल्ह्यातून मोठी भरती झाली. एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ आजही गावात आहे आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा लागला आहे. त्या काळी भरतीपूर्व तयारी असे वेगळे काही नव्हते. नांगर, मोट, डोक्यावरचे ओझे आणि बाजाराच्या गावापर्यंतची पायपीट यांतूनच दम तयार होई. त्याच्या जोडीला गावची तालीम. मारुतीच्या देवळाला लागून लाल मातीचा हौद, भिंतीला टेकवलेल्या जोड्या, आणि पहाटे जोर-बैठका काढणारी पोरे. जोराने छाती आणि खांदे, बैठकांनी मांड्या, कुस्तीने मान आणि कंबर. आज पी.टी.मध्ये जे शिकवतात, त्यातले बरेचसे तिथे होते.

तालीम मोजक्या पोरांची असे. सगळ्या मुलांपर्यंत व्यायाम पोहोचवला तो शाळेने. या बाबतीत औंधचे नाव आधी घ्यावे लागते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. १९२८ साली त्यांचे याविषयीचे इंग्रजी पुस्तकही निघाले. ना साधन, ना खर्च. एका माणसाला पुरेल एवढी जागा असली की झाले. आपले पी.टी.चे सर प्रार्थनेनंतर आपल्याकडून बारा-बारा नमस्कार घालून घेत, त्यामागे ही परंपरा होती. तेव्हा आपल्याला ती शिक्षा वाटायची!

पुढे १९४८ मध्ये एन.सी.सी. सुरू झाली. २३ जून १९६१ रोजी देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात उघडली, आणि अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलांना शालेय वयातच शिस्तशीर तयारी मिळू लागली. जवान म्हणून भरती होणाऱ्याला मात्र गाव आणि गावची शाळा एवढाच आधार राहिला.

शरीर तयार असूनही दार उघडत नाही, असेही आपल्या इतिहासात घडले आहे. कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपायांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली होती. तरी लढाऊ जाती कोणत्या, याविषयीच्या इंग्रजांच्या कल्पनांपायी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची भरती बंद झाली. १९१७ मध्ये युद्धाची गरज पडली तशी १११ वी महार पलटण उभी केली, आणि १९२१ मध्ये ती मोडली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावातच महार रेजिमेंट स्थापन झाली. या पन्नास वर्षांत माणसांच्या छातीत वा पायांत काही फरक पडला नव्हता. बदलला तो नियम. आपल्या वर्गातल्या मुलींचेही तसेच. खो-खोच्या मैदानावर त्या आम्हाला सहज मागे टाकत, पण जवान म्हणून भरतीचा रस्ताच त्यांना नव्हता. लष्करी पोलिसांत महिला जवानांची पहिली तुकडी, ८३ जणींची, मे २०२१ मध्ये बंगळुरूत प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. आज आपल्या मैत्रिणींच्या मुलींना तो रस्ता आहे.

आता आजच्या कसोटीकडे येतो. अनेक वर्षे ती साधारण अशीच आहे: १.६ किलोमीटर धावणे, बीम, नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स. १.६ किलोमीटर हा विचित्र आकडा म्हणजे जुना एक मैलच. हे अंतर साडेपाच मिनिटांत कापले तर ६० गुण आणि दहा बीमना ४०. साडेपाच मिनिटे म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी सुमारे ८२ सेकंदांत. ज्याने कधी घड्याळ लावून धावून पाहिले आहे, त्यालाच ८२ सेकंद किती कमी असतात ते कळेल.

हे दोन महिन्यांत जमवू पाहणारी पोरे मी पहाटे डांबरी रस्त्यावर पाहतो. काळोख, शेजारून जाणारे ट्रक, पायात झिजलेले बूट. दम लवकर वाढतो, स्नायूही त्यामागे येतात. हाडाला मात्र वेळ लागतो. एकदम अंतर वाढवले की नडगी दुखू लागते, आणि दुखत असतानाही धावत राहिले तर हाडाला बारीक तडा जातो. असा पोरगा भरतीत निघाला, तरी पुढे सेंटरवर अडतो. तिथे पहाटे पी.टी., मग बूट घालून परेड, नंतर पिठ्ठू आणि रायफल घेऊन धावणे. उस्ताद आलेल्या शरीराला धार लावतात; मुळात लोखंड घरून न्यावे लागते. आमच्यासोबतच्या रंगरुटांमध्ये जे टिकले, ते सगळे वेगवान नव्हते. पण लहानपणापासून चाललेले, पोटभर भाकरी-पालेभाजी-दूध खाल्लेले आणि रात्री वेळेवर झोपणारे होते.

वेळेचा हा प्रश्न आता अधिकच टोकदार झाला आहे. कोरोनामुळे दोन वर्षे भरती मेळावे थांबले आणि तयारीत असलेल्या कितीतरी पोरांचे वय निघून चालले. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. तेव्हा वयाची अट साडेसतरा ते एकवीस होती. त्या एका वर्षापुरती ती तेवीसपर्यंत वाढवली. सेवा चार वर्षांची, आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम होण्याची संधी. २०२३ पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा आणि मग मैदान. म्हणजे बारावीनंतर 'आता धावायला लागू' म्हणणाऱ्याच्या हाती फार थोडा अवधी उरतो. तयारी आठवी-नववीतच सुरू व्हायला हवी, आणि ज्याच्या घरी खाजगी अकादमीची फी भरायला पैसे नाहीत त्याच्यासाठी ती शाळेतच व्हायला हवी.

म्हणून संमेलनाच्या निधीबद्दल माझे म्हणणे मांडतो. कमान आणि रंगरंगोटी हवीच, पण त्याआधी मैदानाचे दगड काढून मऊ मातीची धावपट्टी आखू या. कडेला दोन उंचींचे बीम रोवू या, एक वाळूचा खड्डा करू या, आणि पहाटे पाच ते सात फाटक उघडे ठेवू या, मुलगे-मुली दोघांसाठी. आपल्यातले निवृत्त फौजी सहाजण आहेत; आठवड्याचा एकेक दिवस वाटून घेतला तरी रविवार विश्रांतीला उरतो. सोमवार माझ्याकडे.