फुगडी : दोघींनी साधायचा तोल

फुगडी हा गोवा, कोकण व उर्वरित महाराष्ट्रात रूढ असलेला स्त्रियांचा नृत्यखेळ होय. फेर धरून अनेकींनी मिळून तो खेळला जात असला, तरी त्याचा गाभा दोघींची जोडी हाच आहे.

गोव्यात जोडीनृत्याच्या दोन परंपरा आढळतात. जुन्या काबिजादीत, विशेषतः सासष्टीत, युरोपीय नृत्यांच्या प्रभावातून एकोणिसाव्या शतकात मांडो घडला. त्यात स्त्री-पुरुष समोरासमोरच्या रांगांतून घुमट व व्हायोलिनच्या साथीने संथपणे नाचतात. पेडणे महाल मात्र १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे आला. त्यामुळे त्याचे सांस्कृतिक नाते कोकणाशी अधिक राहिले. पेडण्यातील केरी गाव तेरेखोल नदीच्या मुखाशी वसलेले आहे. पलीकडे तेरेखोलचा किल्ला आणि त्यापुढे सिंधुदुर्गातील रेडी, शिरोडा ही गावे आहेत. राज्याची सीमा ओलांडली तरी फुगडी तीच राहते.

भाद्रपदातील चतुर्थीच्या दिवसांत गणपतीपुढे फुगड्या रंगतात. पौषातील धालोत स्त्रिया दोन रांगांत समोरासमोर झुलतात. तेथेही फुगडीला स्थान असते. आरंभी गाण्याच्या ठेक्यावर फेर चालतो. लय वाढली की जोड्या सुटतात, गाणे थांबते आणि तोंडाने ‘फू फू’ असा आवाज सुरू होतो. तोच तालाचे काम करतो.

जोडीच्या फुगडीत दोघी पावले जुळवून उभ्या राहतात. हातांची कैची करून उजव्या हाताने उजवा व डाव्याने डावा हात धरतात आणि मागे रेलून गरगर फिरतात. प्रत्येकीचा भार दुसरीच्या हातांवर असतो. वजनात फरक असेल तर जड असलेलीने कमी रेलावे लागते. एकीने हात सोडला तर दोघीही पडतात. म्हणून थांबतानाही गती हळूहळू, एकमेकींच्या अंदाजाने उतरवावी लागते.

याचे उपप्रकार अनेक आहेत. एका हाताच्या फुगडीत दुसरा हात कमरेवर असतो, दंडफुगडीत परस्परांचे दंड धरतात, तर बसफुगडीत उकिडवे बसून पाय आळीपाळीने पुढे टाकले जातात. महाराष्ट्रात मंगळागौरीला फुगडी खेळतात. पंढरीच्या वाटेवर वारकरी पुरुषही वय, मान विसरून ती खेळतात. संत एकनाथांनी तिला भारुडात रूपकाचे स्थान दिले.

आज गोव्यात फुगडीच्या स्पर्धा भरतात. त्यांमुळे गाणी टिकली आणि नव्या मुली मांडावर आल्या. परंतु रंगमंचावर प्रेक्षकांकडे तोंड करून सामूहिक रचना दाखवाव्या लागतात, वेळही मोजलेला असतो. अंगणात दोघींना प्रेक्षकांची गरज नसते. त्यांची नजर एकमेकींवरच खिळलेली असते. गाणे पाहून-ऐकून शिकता येते. भार किती टाकावा, हे मात्र आई-आजीच्या हातात हात देऊनच कळते. म्हणून घरातील चतुर्थीची फुगडी टिकणे हे स्पर्धेतील फुगडीसाठीही आवश्यक आहे.